बाबूजींच्या हातावरील गाठी

आमच्या पूज्य बाबूजींच्या दोन्ही हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत, त्वचेखाली लहानमोठ्या 11 गाठी होत्या. जालन्याच्या मोंढ्यात आमची धान्याची आडत. दुपारी गादीवर लोडाला टेकून बाबूजी क्षणभर विसावले की आम्ही भावंडे त्या गाठी बोटाने इकडून तिकडे सरकवीत मोजत असू. "ही माझी शिल्लक आहे," असे ते हसून म्हणत. वयाच्या 82 व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. तोपर्यंत त्या गाठींनी त्यांना एक दिवसही अंथरुणाला खिळवले नाही. त्यामुळे गाठ ही भिण्याची गोष्ट नव्हे, अशी आमच्या घराची समजूत झाली होती. त्या समजुतीत तथ्य पुष्कळ होते. परंतु ती पुरी नव्हती. तिच्यातील उणीव कळण्यासाठी आमच्या कुटुंबाला बरेच काही सोसावे लागले, म्हणून हा लेखनप्रपंच.

2004 च्या पावसाळ्यात स्नान करताना माझ्या डाव्या दंडावर बोराएवढी गाठ हाताला लागली. तेव्हा माझे वय 36 होते. बाबूजींच्या गाठींशी खेळत वाढलेल्या मला स्वतःच्या एका गाठीने मात्र पुरते घाबरवून सोडले. त्याच वर्षी शेजारच्या आडतीतील एक गृहस्थ कर्करोगाने गेले होते. मी कोणालाही, सौभाग्यवतींनाही, काही सांगितले नाही. मीठ तव्यावर गरम करून शेकले, एरंडेल चोळले, हळदीचा लेप लावला. पर्युषणात अठाई केली. तप हे कर्मनिर्जरेसाठी करावयाचे असते, हे स्थानकात अनेकदा ऐकले होते. तरी त्या आठ उपवासांत माझे अर्धे मन दंडावरील गाठीकडे होते, हे येथे प्रांजळपणे कबूल करतो. पारण्याच्या दिवशी वजन चार किलोंनी उतरले होते आणि हात बारीक झाल्यामुळे गाठ पूर्वीपेक्षा अधिक ठळक दिसत होती.

अखेर गावातील एका शल्यचिकित्सकांकडे गेलो. त्यांनी गाठीच्या कडेवर बोट दाबताच ती बोटाखालून निसटली. चिमटीत धरून हलवली, तर ती वरच्या त्वचेला चिकटलेली नव्हती आणि खाली स्नायूतही रुतलेली नव्हती. "चरबीची गाठ आहे, शेठजी. आम्ही तिला लायपोमा म्हणतो. किती रात्री झोपला नाहीत?" एवढेच त्यांनी विचारले. मी उत्तर देऊ शकलो नाही.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. त्वचेखाली सर्वांनाच चरबीचा थर असतो. त्यातील काही पेशी एका जागी वाढून पातळ आवरणात गोळा होतात, तीच ही गाठ. ती मऊ असते, सहसा दुखत नाही आणि वर्षानुवर्षे अगदी सावकाश वाढते. खांदा, पाठ, मान, दंड आणि मांडी या तिच्या नेहमीच्या जागा. साधारणपणे शंभरांत एकाला ती असते आणि बहुधा 40 ते 60 या वयात लक्षात येते. काही घराण्यांत अशा अनेक गाठी पिढ्यानुपिढ्या दिसतात. बाबूजींची शिल्लक माझ्याकडे आली ती याच वाटेने. ती संसर्गाने पसरत नाही. ती अपथ्याने होते, तूप खाल्ल्याने होते किंवा रक्त बिघडल्याने होते, या समजुतींना आधार नाही.

उपवासाने ती का गेली नाही, हेही मी विचारले. वजन उतरताना शरीर आपल्या साठ्यातील चरबी वापरते. गाठीतील चरबी मात्र त्या हिशेबात सहसा येत नाही. चोळण्याने, शेकण्याने वा लेपानेही ती विरघळत नाही. आमच्या परिचयातील एकाने चुना आणि साजीखार लावून गाठ जाळण्याचा प्रयत्न केला होता. कातडी भाजली, जखम दोन महिने चिघळली आणि गाठ जागच्या जागी राहिली.

मग उपचार काय? बहुतेकांना उपचाराची गरजच नसते. गाठीला नाव मिळाले की तिच्याकडे अधूनमधून लक्ष ठेवावे, एवढे पुरते. गाठ अडचणीच्या जागी असेल, मज्जातंतूवर दाब येऊन दुखत असेल किंवा विद्रूप दिसत असेल, तर काढावी. 2011 मध्ये माझ्या पाठीवरील एक गाठ लोडाला टेकताना सलू लागली, तेव्हा मी ती काढून घेतली. तेवढाच भाग बधिर करून, छोटा छेद घेऊन, डॉक्टरांनी ती आवरणासह बाहेर काढली. पिवळसर, लोण्याच्या गोळ्यासारखी होती. आवरणासह पूर्ण निघाली तर ती त्या जागी सहसा पुन्हा होत नाही. नळीने चरबी ओढून घेण्याचीही पद्धत आहे; तिने व्रण लहान राहतो, पण गाठीचा अंश मागे उरण्याची शक्यता अधिक असते. काढलेली गाठ तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवली आहे ना, हे अवश्य विचारावे.

आपल्या आचाराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगतो. टाक्यांसाठी वापरला जाणारा कॅटगट हा धागा मेंढ्यांच्या किंवा गुरांच्या आतड्यांपासून करतात आणि रेशमी धाग्यामागेही कीटकांची हिंसा असते. नायलॉनसारखे कृत्रिम धागे आणि आपोआप विरघळणारे कृत्रिम धागेही उपलब्ध आहेत. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. तेच औषध पुष्कळदा गोळीच्या रूपात मिळते. चौविहार पाळणाऱ्यांनी औषधाच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवता येतील का, हे विचारावे. मी हे सर्व संकोचत विचारले. डॉक्टरांनी मनापासून ऐकून घेतले आणि तशी व्यवस्था केली. मात्र विचारायचे ते शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, टेबलावर झोपल्यावर नव्हे.

येथवर सर्व सुखाचे झाले. 2014 मध्ये भोकरदनला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाच्या मांडीत गाठ आली. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मला दाखवली तेव्हा मीच जाणकाराच्या थाटात म्हणालो, "भाईसाहेब, आपल्या घरात असतातच. काळजी करू नका." ती गाठ खोल होती, घट्ट होती, बोटाखालून निसटत नव्हती. सहा महिन्यांत ती लिंबाएवढीची मोसंबीएवढी झाली. तरीही आम्ही दोघे बाबूजींचे उदाहरण देत राहिलो. 2016 मध्ये पाय जड झाला तेव्हा त्यांना तपासणीसाठी तेव्हाच्या औरंगाबादला नेले. एमआरआय झाला, सुईने गाठीतील नमुना काढला. तो चरबीच्या पेशींचाच, परंतु कर्करोग निघाला. मांडीचे बरेच स्नायू काढावे लागले, पुढे किरणोपचार झाले. भाईसाहेब आज आपल्यात आहेत, ही वीतरागांची कृपा म्हणावी; पण काठीवाचून चालू शकत नाहीत. मी दोन वर्षांपूर्वीच त्यांना डॉक्टरांकडे पाठवले असते तर शस्त्रक्रिया कदाचित लहान झाली असती. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. संवत्सरीला दरवर्षी त्यांना खमतखामणा करताना माझा कंठ दाटतो.

मोंढ्यात आपण पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यांवर सौदा करीत नाही. पोत्यात परखी खुपसतो, आतला माल तळहातावर घेतो, मग भाव बोलतो. शेजारचे पोते चांगले निघाले म्हणून हेही चांगलेच असेल, असे कोणी धरून चालत नाही. भावाच्या बाबतीत मी नेमके तेच धरून चाललो.

म्हणून पुढील खुणा घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात. गाठ पाच सेंटिमीटरहून, म्हणजे मोठ्या लिंबाहून मोठी असेल, ती भराभर वाढत असेल, खोल, कठीण किंवा जागेवर रुतलेली असेल, दुखत असेल, अथवा एकदा काढूनही पुन्हा आली असेल, तर विनाविलंब दाखवावी. अशी प्रत्येक गाठ वाईटच असते असे नाही. पण तपासल्यावाचून ते कळत नाही. मानेतील, काखेतील वा जांघेतील गाठ काही आठवड्यांत न गेल्यास ती क्षयाची किंवा अन्य रोगाची असू शकते. स्तनातील गाठ तर लहान असो वा मोठी, दुखो वा न दुखो, भगिनींनी संकोच सोडून लगेच दाखवावी.

आता शेवटची गोष्ट, जी लिहिण्यास कन्येची अनुमती घेतली आहे. 2022 मध्ये तिच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. वय 25, आणि तिच्या हातावर तीन गाठी आल्या. डॉक्टरांनी तपासून चरबीच्याच असल्याचे सांगितले. सौ. मात्र तिला पूर्ण बाह्यांचेच कपडे घालण्याचा आग्रह करू लागल्या. "मुलाकडच्यांना कळले तर काय म्हणतील?" मीही गप्प राहिलो; खरे तर मलाही तेच हवे होते. एके संध्याकाळी मुलगी म्हणाली, "पप्पा, ओला माल कोरडा सांगून विकाल का तुम्ही?" खोटे तोलमाप हा अतिचार आहे, हे प्रतिक्रमणात वर्षानुवर्षे म्हणणाऱ्या मला उत्तर सुचले नाही.

आम्ही मुलाकडच्यांना सर्व सांगितले. आठ दिवसांनी त्यांचा नकार आला. कारण त्यांनी सांगितले नाही. सौ. रडल्या. मुलीने पुढच्या स्थळालाही तेच सांगावयास लावले. त्या घरच्या सासूबाईंनी एवढेच विचारले, "दुखतं का गं तुला?" आज ती त्या घरात सुखाने नांदत आहे आणि उन्हाळ्यात अर्ध्या बाह्यांचे कपडे घालते.

आपल्या साधूंना निर्ग्रंथ म्हणतात, ज्यांच्या गाठी सुटल्या ते. त्या गाठी मनातल्या. माझ्या दंडावरील गाठ निरुपद्रवी होती. मी जी भीतीपोटी लपवली आणि पुढे अहंकारापोटी जाणकार बनून भावावर लादली, ती गाठ मात्र उपद्रवी ठरली. समाजबंधू-भगिनींना नम्र विनंती, की या चातुर्मासात घरातील सर्वांना एकदा विचारावे, "अंगावर कुठे गाठ आहे का, आणि ती डॉक्टरांनी पाहिली आहे का?" उत्तर 'पाहिली आहे' असे आले तर निश्चिंत व्हावे. 'घरात सर्वांनाच असतात' असे आले, तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जावे.

जय जिनेंद्र.