बाबांची व्हिडिओ कॅसेट

यंदा चवथीच्या साफसफाईत पेडण्याच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत एक व्हीएचएस कॅसेट सापडली. लेबलवर बाबांच्या अक्षरात लिहिले होते, "जत्रेचे नाटक, 1993". मस्कतहून सुट्टीवर आलेल्या काकांनी ते नाटक चित्रित केले होते आणि बाबा त्यात औरंगजेब झाले होते. बाबांना जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

डिचोलीला कचेरीत मी हे सांगितले, तर संगणक सांभाळणारा आमचा तरुण सहकारी म्हणाला, "भाई, असल्या कॅसेटीत पूर्वी संगणकाचा डेटासुद्धा ठेवायचे." मला वाटले, आर्ट्‌सवाला बघून थट्टा करतोय. घरी येऊन वाचले, तर खरेच!

रशियात 1992 पासून 'अर्विद' नावाचे एक कार्ड मिळायचे. ते संगणकात बसवायचे, वायरी घरच्या व्हीसीआरला जोडायच्या, की संगणकातली माहिती चित्र बनून टेपवर उतरायची. तीन तासांच्या कॅसेटवर 2 जीबीपर्यंत! ती कॅसेट टीव्हीवर लावली तर दिसणार नुसते काळे-पांढरे ठिपके.

व्हीसीआरच का? कारण कॅसेट स्वस्त आणि यंत्राची ताकद मोठी. टेप सेकंदाला अडीच सेंटिमीटरसुद्धा पुढे सरकत नाही, पण हेड बसवलेला ड्रम तेवढ्यात 25 फेरे घेऊन तिच्यावर तिरप्या रेघा ओढत असतो. म्हणून एवढ्याशा टेपवर एवढे काही मावते.

आणखी एक गंमत. सीडीवरचे गाणे सेकंदाला 44,100 वेळा मोजलेले असते. हा विचित्र आकडा आला व्हिडिओ टेपवरूनच, कारण सुरुवातीला डिजिटल संगीत तिच्यावरच साठवत. चित्राच्या एका ओळीत 3 नोंदी, अशा 294 ओळी, सेकंदाला 50 वेळा. मी कचेरीतल्या कॅलक्युलेटरवर गुणाकार करून पाहिला, बरोबर आला!

आता आमच्या कॅसेटीकडे वळू. नवे व्हीसीआर बनणे 2016 सालीच बंद झाले. म्हापशाला एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे चालू मशीन मिळाले. त्याने कॅसेट उघडली, तर आत पांढरी बुरशी. आमच्या पावसाने दुसरे काय होणार? त्याने दोन दिवस खपून टेप पुसली आणि संगणकावर उतरवून दिली.

चित्रात पट्टेच पट्टे. औरंगजेबाची दाढी तेवढी ओळखू येते. पण आवाज आहे! खरखरीतून येणारा, शेवटचा शब्द लांबवणारा. आई ऐकत राहिली आणि एवढेच म्हणाली, "तांचोच आवाज."

सहकाऱ्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "या टेपवर डेटा असता तर कदाचित फाईलच उघडली नसती." थोडी चूक झाली तर डिजिटल माहिती स्वतःला सुधारून घेते, पण मर्यादेपलीकडे बिघडली की हाती काही लागत नाही. बाबांचे नाटक अर्धेमुर्धे का होईना, उरले. उलट डिजिटलची प्रत कितीही वेळा काढा, ती पहिल्यासारखीच निघते. म्हणून आता तीन प्रती केल्या आहेत. एक माझ्याकडे, एक बहिणीकडे आणि एक काकांकडे.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी कॅसेट असेल. पुढच्या पावसाआधी ती खाली काढा.