ज्यांना सुतक नसतं

एकाच घरात एकाच माणसासाठी दोघं जण झुरत असतात. एकीचं दुःख सगळ्यांना दिसतं. त्यावर घरात कुजबुज होते, रागराग होतो, दार लावून चर्चा होतात. दुसऱ्याचं दुःख त्याच घरात, त्याच जेवणाच्या टेबलाशी बसलेलं असतं आणि कुणाची नजर तिकडे वळत नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मधलं मला सगळ्यांत जास्त काय लागलं असेल, तर ते हेच.

मौजेने २००६ साली काढलेली ही लहानशी कादंबरी. पुण्यातलं जोशांचं मध्यमवर्गीय घर आणि वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलेला एक तरुण, ज्याला कादंबरीभर नाव नाही. घरातला तनय त्याच्या प्रेमात पडतो. तनयची बहीण अनुजाही पडते. तो अनुजाला घेऊन निघून जातो आणि पुढे तिलाही सोडून जातो. पहिला भाग तनयचा आहे, त्या गेलेल्या माणसाला ‘तू’ म्हणत त्याच्याशीच बोलत राहणारा. दुसरा भाग अनुजाच्या डायरीचा. अनुजा परत येते तेव्हा घर हादरलेलं असतं. अब्रूची भीती असते, संताप असतो, पण तिला काही तरी झालंय हे तरी सगळ्यांना माहीत असतं. तनयला काय झालंय असं विचारायला त्या घरात कुणापाशी कारणच नसतं.

पुस्तक आवडलं की ते चार जणांच्या हातात घालायची मला सवय आहे. ‘कोबाल्ट ब्लू’ही मी बऱ्याच जणांना दिली. कुणी त्या पाहुण्यावर चिडलं. कुणाला तनयच्या भागातलं पुढे-मागे जाणारं निवेदन अवघड गेलं. काही जण ‘धाडसी पुस्तक आहे’ एवढंच म्हणाले, आणि या शब्दाचा मला तेव्हाही राग यायचा. ज्या पुस्तकाशी आपला काही संबंध येऊ नये असं वाटतं, त्याला माणसं धाडसी म्हणतात. प्रेमात पडून सोडलं जाण्यात कसलं आलंय धाडस? ते तर कुणाच्याही वाट्याला येतं.

माझ्या आईने ती दोन दुपारांत वाचली. चष्मा काढून पुस्तक माझ्या हातात देत म्हणाली, “त्या पोरीचं फार वाईट झालं गं.”

“आणि तनयचं?”

“त्याचंही,” ती म्हणाली, आणि उठून आत गेली. मी पुढे काही विचारलं नाही. आईला धाकटा भाऊ होता. तो मिरजेत राहायचा, त्याच्या मित्राबरोबर.

आमचा मामा सांगलीला बँकेत होता. मित्र चित्रकलेचे शिक्षक. मला कळायला लागल्यापासून ते दोघं एकत्रच होते. आधी भाड्याच्या दोन खोल्यांत, मग एका लहान फ्लॅटमध्ये. आम्ही भाचरं त्यांना नुसतं काका म्हणायचो. दिवाळीत मामा आमच्याकडे एकटा यायचा आणि जाताना आई त्याच्या पिशवीत फराळाचे दोन डबे घालायची. दुसरा डबा कुणासाठी हे तिने कधी उच्चारलं नाही, पण त्यात चकल्या जास्त असायच्या, कारण काकांना चकल्या आवडत. आमच्या घराने त्या नात्याला जेवढी मान्यता दिली ती त्या डब्यात मावत होती. ती अगदीच थोडी होती असं मी म्हणणार नाही. पुरेशी मात्र नव्हती.

मामाचं पुस्तकांचं कपाट माझं आजोळ होतं. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ मी तिथेच पहिल्यांदा वाचलं. १९८१चं नाटक. सुमित्रा, जिला सगळे मित्रा म्हणतात, ती एका मुलीवर प्रेम करते आणि शेवटी जीव देते. तिची गोष्ट आपल्याला सांगतो बापू, ज्याचं स्वतःचं प्रेम मित्रावर असतं. रोहिणी हट्टंगडींनी ती भूमिका केली होती. रंगमंचावर अशी बाई मध्यभागी उभी करणं ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती, हे मी मनापासून मानते. काकांचं मत वेगळं होतं. “तेंडुलकर मोठाच माणूस,” ते म्हणायचे, “पण तिला जगवलं असतं तर काय बिघडलं असतं?” मामा त्यावर म्हणायचा की खऱ्या आयुष्यात तेच होत होतं. काका म्हणायचे, “आपलं नाही झालं.” मी कॉलेजात होते. वाक्य ऐकलं, अर्थ कळला, आणि तिघंही चहा पीत बसलो.

त्यांच्यात ‘कोबाल्ट ब्लू’ आधी काकांनी वाचली. नावावरूनच त्यांनी सुरुवात केली. हा रंग महाग असतो, म्हणाले, शाळेतली पोरं घेत नाहीत, ती प्रशियन ब्लूवर भागवतात. चांगल्या कोबाल्टची ट्यूब घेतली की जपून वापरावी लागते. मग पुस्तकाबद्दल म्हणाले, “मुलाचा भाग वाचला. मुलीचा भाग नाही वाचवला.” का, ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्या आईला मुलगी दिसली आणि काकांना मुलगा, एवढं मात्र तेव्हा माझ्या लक्षात आलं.

२०१३ साली जेरी पिंटो यांनी ही कादंबरी इंग्रजीत नेली आणि २०२२ मध्ये खुद्द कुंडलकरांनीच केलेला हिंदी चित्रपट नेटफ्लिक्सवर आला, त्यात घर पुण्याचं कोचीला गेलं. आमच्या घरातली विशीतली मुलं चित्रपट बघून मूळ मराठी पुस्तकाकडे आली. ती आधी तनयबद्दल बोलतात, अगदी सहज, जेवता जेवता. ते ऐकताना मला फार बरं वाटतं, आणि मामाने हे ऐकायला हवं होतं असंही वाटत राहतं.

मामा २०२०च्या जानेवारीत गेला. हृदयविकाराचा झटका, पहाटे, घरीच. काकांनीच त्याला शेजाऱ्याच्या गाडीतून इस्पितळात नेलं. कागदांवर सही कुणाची घ्यायची हा प्रश्न आला तेव्हा माझा मोठा मामा पोचेपर्यंत सगळे थांबले.

आपल्याकडे सुतकाचं कोष्टक पक्कं असतं. सख्ख्या भावाला किती दिवस, लग्न होऊन गेलेल्या बहिणीला किती, भाऊबंदांना किती. ज्या चुलतभावाने कित्येक वर्षांत मामाचं तोंड पाहिलं नव्हतं, त्याला दहा दिवस देवाला हात लावता येत नव्हता. काकांना सुतक नव्हतं. त्यांना काहीच नव्हतं. ते निवृत्तीनंतर घरी चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेच्या मुलांचा क्लास घ्यायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी क्लास घेतला, कारण मुलांच्या आईबापांना काय सांगणार? सुतकाला आम्ही शिकलेली माणसं नावं ठेवतो. पण सुतक म्हणजे शोक करायला मिळालेली रजाही असते. या माणसाचं कुणी तरी गेलंय, त्याला गोडधोड वाढू नका, त्याला सणाला बोलावू नका, त्याला गप्प राहू द्या, असं गावाला सांगायची ती रीत आहे. ज्याला ती मिळत नाही, त्याने उद्यापासून नेहमीसारखं वागायचं असतं.

दहाव्याला कृष्णाघाटावर काका आले होते. मागे, पायऱ्यांच्या वरच्या बाजूला उभे होते. पिंड ठेवले आणि कावळा जवळपास लगेचच शिवला. माणसं हलकी झाली. कुणी तरी म्हणालं, “काही इच्छा राहिली नव्हती त्याची. सडाफटिंग माणूस, कशात जीव अडकणार?” मी मागे वळून बघितलं नाही. बघायचं धैर्य झालं नाही.

परत येताना रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुझ्या त्या पुस्तकातल्या मुलासारखं झालं गं यांचं. घरात असून कुणी विचारलंच नाही.” पुस्तक वाचून तिला बारा-तेरा वर्षं झाली असतील. मध्ये तिने त्याचा विषयही काढला नव्हता. पुस्तकांवर लगेच बोलणारे वाचक मला खूप माहीत आहेत, मीही त्यांतलीच. आईसारखी वाचणारी माणसं वेगळी. ती एखादं पुस्तक पोटात घेऊन हिंडतात आणि वेळ आली की एक वाक्य बोलतात.

दुसऱ्या दिवशी आई एकटीच काकांकडे गेली. काय बोलली ते मला माहीत नाही. पण त्या वर्षापासून मामाच्या श्राद्धाला काकांचं पान आमच्या घरच्या पंगतीत, आईच्या शेजारी असतं.

कागदोपत्री एकच ठिकाण होतं जिथे काकांचं नाव मामाच्या नावाशेजारी होतं. बँकेच्या ठेवीच्या नामनिर्देशनाच्या अर्जात ठेवीदाराशी नातं, असल्यास, लिहायला जागा असते. मामाने आयुष्यभर लोकांचे असे अर्ज भरून घेतले होते. स्वतःच्या अर्जात त्याने काकांचं नाव घालून त्या जागेत ‘मित्र’ लिहिलं होतं. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, पण कायद्याने तो विश्वस्त असतो, वारस वेगळे असतात. काकांनी रक्कम तशीच मोठ्या मामाकडे दिली. तो अर्ज मात्र त्यांना हवा होता, निदान त्याची झेरॉक्स.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७व्या कलमातून त्यांच्यासारख्यांची सुटका केली तेव्हा मामा होता. लग्नाच्या हक्काला न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ला नकार दिला तेव्हा नव्हता. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्र सरकारने खुलासा केला, की अशा जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. ही बातमी मी काकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “आम्ही कुठे विचारत बसलो होतो?”

मामा गेला आणि दोन-अडीच महिन्यांत टाळेबंदी आली. काका त्या फ्लॅटमध्ये एकटे. मी रोज फोन करायचे. तेव्हाच त्यांचं वाचन वाढलं, आणि मग त्यांनी ती मागणी केली जी मला अजून पुरी करता आलेली नाही. ‘कोबाल्ट ब्लू’तला माणूस सोडून जातो, मित्रा जीव देते, मी ‘ब्रोकबॅक माउंटन’ची गोष्ट सांगितली, तर त्यात जॅक मरतो. काका म्हणाले, “यांच्यात कुणी साखरेची गोळी घेत, भाजी निवडत म्हातारं होतच नाही का? आम्ही झालो. आमचं कुठल्या पुस्तकात आहे?”

हे गाऱ्हाणं त्यांचं एकट्याचं नाही. ॲनी प्रूने एका मुलाखतीत सांगितलंय की ‘ब्रोकबॅक माउंटन’चा शेवट बदलून, सुखाचा करून, तो तिला पाठवणाऱ्या पुरुषांचा तिला इतका वैताग आला, की ही कथा लिहिलीच नसती तर बरं असं तिला वाटू लागलं. लेखिका म्हणून तिचा वैताग मला समजतो. पण ज्यांनी ते शेवट लिहून धाडले त्यांच्याकडे माझा ओढा जास्त आहे. त्यांना साहित्य कळत नव्हतं असं नाही. त्यांना कुणाला तरी जगवायचं होतं. फॉर्स्टरने १९१३-१४ साली ‘मॉरिस’ लिहिताना हट्टाने शेवट सुखाचा केला आणि ती कादंबरी बाजूला ठेवली. देवासला पवारांच्या दरबारी तो चिटणीस म्हणून १९२१ला आला तेव्हाही ती लिहून पडलेली होती. छापली गेली १९७१ला, तो गेल्यावर. हस्तलिखित वाचलेल्या लिटन स्ट्रॅचीला वाटलं होतं, मॉरिस आणि त्याचा प्रियकर काही फार काळ एकत्र टिकायचे नाहीत. म्हणजे दुःखाचा शेवट लोकांना खरा वाटतो आणि सुखाचा खोटा, हे शंभर वर्षांपूर्वीही होतंच.

शेवटी मी ख्रिस्तोफर इशरवुडची ‘अ सिंगल मॅन’ काढली. १९६४ची कादंबरी, एका दिवसाची. अठ्ठावन्न वर्षांचा प्राध्यापक जॉर्ज, त्याचा जोडीदार जिम अपघातात गेलेला. काकांना इंग्रजी जड जातं, म्हणून २०२४च्या पावसाळ्यात मी फोनवर रोज थोडी थोडी मराठीत सांगत गेले. त्या घरात स्वयंपाकघराच्या दारात जागा इतकी अरुंद असते, की दोघं घाईत असले की एकमेकांवर आदळायचे; आणि जवळजवळ रोज सकाळी नेमकं तिथेच आल्यावर जॉर्जला आठवतं की जिम मेला. इथे काका म्हणाले, “थांब.” दुसऱ्या दिवशी फोन त्यांनीच केला. शेजाऱ्यांना जॉर्ज जिमच्या मृत्यूचं सांगतच नाही, तो तिकडे त्याच्या माणसांकडे राहिलाय असं भासवतो, हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “टाळेबंदीत भाजीची गाडी घेऊन एक नवा मुलगा यायचा. दोन नावांची पाटी बघून त्याने विचारलं, दुसरे साहेब? मी म्हटलं, भाचीकडे अडकलेत.”

ती भाची मी. कित्येक आठवडे मामा माझ्याकडे राहत होता आणि मला पत्ता नव्हता.

कादंबरी संपते तेव्हा रात्र झालेली असते आणि जॉर्जही जातो. ते मी थोडं घाबरतच सांगितलं. काका म्हणाले, “त्याचं एका दिवसात आटोपलं. मला पाचवं वर्ष चालू आहे.” आणि लगेच, “दुसरं आणलंयस का काही?”

अजून शोधते आहे. दोन पुरुष किंवा दोन बायका एका घरात म्हाताऱ्या होतात, भांडतात, एकमेकांची औषधं लक्षात ठेवतात आणि मग त्यांतलं एक आधी जातं, अशी मराठी कादंबरी कुणी लिहिली असेल किंवा लिहीत असेल, तर मला हवी आहे. वाचक मिरजेत आहे. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा टाइप जरा मोठा असलेला बरा.