अलास्काच्या जहाजावर गॅलरीची खोली

मुले शिकून परदेशी गेली की मागोमाग आईवडिलांचेही एखादे जाणे होते. आपल्या वाचकांत अशी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. लेकीचे बाळंतपण, नातवंडांची सुट्टी, काहीतरी निमित्त असते आणि मग मुले म्हणतात, आलाच आहात तर चार ठिकाणे बघून जा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिअ‍ॅटलला ज्यांची मुले आहेत, त्यांच्या या चार ठिकाणांत अलास्काची सात दिवसांची जहाजसफर हमखास असते. आमच्यापुढे ती 2024 च्या जून महिन्यात आली. तिकीट काढायला बसलो तेव्हा समजले, की जहाज ठरवणे सोपे आहे. जहाजावरची खोली ठरवणे हेच खरे काम.

खोल्या मुख्यतः तीन प्रकारच्या. आतली खोली, तिला खिडकीच नसते. दुसरी खिडकीची, पण ती काच बंद असते, उघडत नाही. तिसरी बाल्कनीची, तिला आमची आई पहिल्या दिवसापासून गॅलरी म्हणत आली. त्यावर मग मोठ्यांचे सूट असतात, त्यांच्याकडे आम्ही पाहिलेही नाही. भाडे सांगतात ते माणशी, आणि तेही एका खोलीत दोन माणसे धरून. बंदरांचे कर आणि नोकरवर्गाची रोजची बक्षिसी बहुधा त्यावर वेगळी. म्हणून जाहिरातीतला आकडा पाहून हरखून जाऊ नये. सगळे मिळून किती ते विचारावे आणि मगच बोलावे.

आम्ही चौघे होतो. आम्ही उभयता, आमची कन्या आणि आमची आई. आईचे वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. कन्येचे म्हणणे, दोन बाल्कनीच्या खोल्या घेऊ, पैसे मी भरते. आम्हाला ते पटेना. लेकीच्या पगाराचे पैसे झाले म्हणून काय ते वाऱ्यावर आले? ओळखीच्या एका गृहस्थांनी दुसरे टोक गाठले. म्हणाले, खोलीत बसायला कोण जहाजावर जातो, चौघांसाठी आतल्या खोल्या घ्या, दिवसभर डेकवर फिरा. उन्हाच्या मुलखातल्या सफरीला हा सल्ला चालेलही. तिथे बंदर आले की माणसे किनाऱ्यावर उतरतात आणि उरलेला वेळ पोहण्याच्या तलावाशी काढतात. अलास्काचे तसे नाही. तिथे बघण्यासारखे पुष्कळसे जहाज चालत असतानाच दिसते, आणि जूनमध्येही उघड्या डेकवरचा वारा अंगाला झोंबतो. ज्याचे गुडघे धड आहेत तो दहा वेळा वर जाईल आणि दहा वेळा खाली येईल. ज्याचे नाहीत त्याने काय करावे?

शेवटी तोड निघाली ती अशी. आई आणि नात बाल्कनीच्या खोलीत, आणि आम्ही उभयता त्याच मजल्यावर, समोरासमोरच्या आतल्या खोलीत. मधे फक्त बोळ. दोन बाल्कन्यांच्या मानाने पैसे बरेच वाचले आणि दिवसा चौघांनाही गॅलरी मिळाली. आतल्या खोलीत झोप मात्र गाढ लागते, कारण जूनमध्ये तिकडे दिवस अठरा तासांचा असतो आणि रात्री दहालाही चांगला उजेड असतो.

आता बाल्कनी म्हटली म्हणजे सगळ्या सारख्या, असे समजू नये. जहाजाचा मजल्यामजल्याचा नकाशा कंपनी देते. तो समोर पसरून बसावे, घर घेताना बसतो तसे. आम्ही दोन संध्याकाळी त्यावर घातल्या.

पहिली गोष्ट, खोलीच्या वर काय आणि खाली काय. वर जेवणाचा हॉल किंवा पोहण्याचा तलाव असला तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज डोक्यावर येतो. खाली नाटकगृह किंवा नाचाची जागा असली तर मध्यरात्रीपर्यंत ढोल ऐकावा लागतो. वरही खोल्या, खालीही खोल्या, असा मजला सर्वांत शांत. दुसरी गोष्ट, जीवरक्षक होड्या. या मोठ्या होड्या जहाजाच्या दोन्ही अंगांना टांगलेल्या असतात आणि त्यांच्या मजल्यावरच्या, कधी त्याच्या लगेच वरच्या खोल्यांसमोर त्या आडव्या येतात. अशा खोल्या स्वस्त असतात. नकाशात बारीक अक्षरांत ‘दृश्यास अडथळा’ असे लिहिलेले असते, ते वाचावे. तिसरी गोष्ट, नाळ. जहाजाच्या पुढच्या टोकाला लाटांचा हेलकावा जास्त, शिवाय नांगर टाकतानाचा खडखडाट. हेलकावा सर्वांत कमी लागतो तो मध्यभागी, आणि खालच्या मजल्यांवर. ही बाब सिअ‍ॅटलहून जाणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघणारी जहाजे बहुधा बेटांच्या आतल्या शांत पाण्याने जातात, तर सिअ‍ॅटलची पुष्कळ जहाजे व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. आमचा दुसरा दिवस पूर्ण समुद्रावरच गेला आणि त्या दिवशी सौ.ने जेवणाकडे पाठ फिरवली.

आईसाठी आणखी दोन बाबी पाहिल्या. लिफ्ट जवळ असावी, पण खोली लिफ्टला चिकटून नसावी, नाहीतर रात्रभर माणसांची वर्दळ. आणि बाल्कनीच्या दाराशी उंबरठा किती उंच आहे ते विचारून घ्यावे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या, सपाट उंबऱ्याच्या खोल्या असतात, पण त्या मोजक्याच, त्यामुळे लवकर जातात. भाडे कमी करण्यासाठी ‘खोली आम्ही ठरवू तीच’ अशा अटीचे तिकीटही कंपन्या विकतात. तरण्या मंडळींनी ते खुशाल घ्यावे. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

उजवी बाजू घ्यावी की डावी, यावर लोक तासन् तास वाद घालतात. उत्तरेकडे एकाच दिशेने जाणारी सफर असेल तर उजवी बाजू बरी, कारण मुख्य किनारा त्या अंगाला राहतो. जाऊन परत त्याच बंदरात येणाऱ्या सफरीत जाताना जे उजवीकडे तेच येताना डावीकडे. आम्ही उजवी घेतली.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. बाल्कनीचा विचार करण्याआधी सफरीच्या कागदावर ‘ग्लेशियर बे’ हे नाव आहे की नाही ते पाहावे. त्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना प्रवेश आहे. बाकीची जहाजे हबर्डसारख्या दुसऱ्या हिमनद्यांकडे जातात. त्याही देखण्या आहेत, पण आपण कशाचे पैसे देतो आहोत ते ठाऊक असावे.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर आईने आधी खोली नजरेने मोजली. पलंग, कोच, न्हाणीघर धरून साधारण 180 चौरस फूट, आणि गॅलरी 40 च्या आसपास, दोन खुर्च्या आणि एक तिवई बसेल एवढी. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. त्यात आम्ही नऊ माणसे वाढलो, आणि गॅलरी होती ती सबंध मजल्याची मिळून. आई म्हणाली, "म्हंजे आपल्या खोलीएवढीच की. निस्ती गॅलरी सोताची हाय." तिला त्या गॅलरीत एकच गोष्ट खटकली. शेजारच्या गॅलरीतले कोणी दिसत नाही, मधे पाट असतो, मग बोलायचे कोणाशी? शेजारच्या दोन खोल्या एकाच कुटुंबाने घेतल्या असतील तर बऱ्याच जहाजांवर हा पाट विनंती केल्यास उघडून देतात. आमची दुसरी खोली समोर होती, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

खोलीची झाडलोट करणारा मुलगा रत्नागिरी जिल्ह्यातला निघाला. आईचे मराठी ऐकून तो दारातच थबकला. त्यानंतर रोज तो दोन मिनिटे जास्त थांबायचा. एके दिवशी आईने त्याला विचारले, "तुझ्या खोलीला गॅलरी हाय का रं बाळा?" तो हसला. "नाही आजी, आम्ही खाली पाण्याच्या लेव्हलला. दोघांत एक खोली, खिडकी पण नाही." आईने त्याला गॅलरीत खुर्चीवर बसायचा आग्रह केला. तो बसला नाही, त्यांना तशी परवानगी नसते. उभ्यानेच दोन क्षण समुद्र पाहून तो पुढच्या खोलीकडे गेला.

जूनोला जहाज धक्क्याला लागले तेव्हा शहर आमच्याच बाजूला आले. हे अलास्काचे राजधानीचे शहर, पण बाहेरून तिथे येणारा मोटाररस्ता नाही. यायचे ते बोटीने नाहीतर विमानाने. डोंगर इतका जवळ, की गॅलरीतून मान वर करावी लागते. आई उतरणार नव्हती. तेवढ्यात नातीने तिला एलिझाबेथ पेराट्रोविच यांची हकिगत सांगितली. त्या इथल्या त्लिंगित जमातीच्या. जूनो परिसरात 1941 च्या सुमारास ‘नेटिव्हांना प्रवेश नाही’ अशा पाट्या लागत. त्याविरुद्ध त्या व त्यांचे यजमान उभे राहिले, एलिझाबेथबाईंनी कायदेमंडळापुढे साक्ष दिली आणि 16 फेब्रुवारी 1945 रोजी भेदभावबंदीच्या कायद्यावर सही झाली. सबंध अमेरिकेचा नागरी हक्क कायदा आला 1964 साली. धक्क्यालगत सार्वजनिक वाचनालयाच्या इमारतीवर 2021 साली त्यांचे भिंतभर चित्र रंगवले आहे, हे कळल्यावर आईने चपला मागितल्या. काठी टेकत, दर पन्नास पावलांवर थांबत ती तिथवर गेली आणि चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. त्या दिवशी तिने गॅलरीचे नावही काढले नाही.

ग्लेशियर बेचा दिवस मात्र गॅलरीचा. सकाळी उद्यानाचे अधिकारी लहान बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. 1794 साली कॅप्टन व्हँकुव्हरची माणसे इथे आली तेव्हा हा उपसागर जवळजवळ सगळाच बर्फाखाली होता. 1916 पर्यंत तो बर्फ सुमारे 100 किलोमीटर मागे हटला. त्याआधी, अठराव्या शतकात, हाच बर्फ पुढे सरकला तेव्हा इथल्या हूना त्लिंगित लोकांची गावे उठली. पुढे उद्यानाचे नियम आल्यावर त्यांना आपल्याच भूमीत शिकारीला आणि पक्ष्यांची अंडी गोळा करायलाही बंदी झाली. अंड्यांचा हक्क परत देणारा कायदा 2014 साली झाला आणि 2016 साली किनाऱ्यावर त्यांचे सामुदायिक घर पुन्हा उभे राहिले.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबते आणि जागच्या जागी वळते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांना दर्शन होते. जवळजवळ दीड किलोमीटर रुंद निळसर भिंत. आम्ही मधूनच वर डेकवर जाऊन आलो. तिथून चारी बाजू दिसतात, गॅलरीतून एकच, हे कबूल केले पाहिजे. पण वर माणसांची दाटी आणि वारा. खाली आलो तर आई शाल, कानटोपी आणि वर पलंगावरची रजई घेऊन खुर्चीत ठाण मांडून बसली होती. बर्फाचा कडा आधी कोसळताना दिसतो आणि गडगडाट मागाहून येतो. असे चार वेळा झाले म्हणून तिने बोटांवर मोजून सांगितले. आम्ही वर दोनदाच ऐकले होते.

परतीच्या वाटेवर जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते. परदेशी निशाणाच्या जहाजाने अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचे तर मधे एखादे परदेशी बंदर घ्यावे लागते, असा तिथला 1886 चा कायदा आहे. म्हणून भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी कॅनडाचा व्हिसा आधी काढावा आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना तेही तपासावे. खोली कितीही चांगली मिळाली तरी हे कागद नसले तर जहाजावर चढू देत नाहीत.

शेवटच्या दिवशी सकाळी लवकर खोली रिकामी करावी लागते. सामान बाहेर गेले तरी आई गॅलरीतच होती. नातीने विचारले, "आजी, परत यायचं का?"

"आलो तर डाव्या अंगाची घेऊ," आई म्हणाली. "तिकडलं बघायचं ऱ्हायलंय."