दोडक्याचे दिवस

भाद्रपद लागला की पहाटे साडेपाचला आम्ही भेंडीत शिरतो. अंगात लांब बाह्यांचे जुने शर्ट, कारण भेंडीची लव कातडीला लागली तर दिवसभर खाजवत बसायचं. फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत शेंग तोडणीला येते, दोन दिवस चुकले की तिचा दोरखंड होतो. जून शेंग वर राहिली की झाड बी धरण्याच्या मागे लागतं आणि नवी फुलं द्यायला आळस करतं. म्हणून दिवसाआड तोडणी, गणपती असोत की पाऊस.

तोडणी मला शिकवली आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी. "डोळ्यानं काय बघताय ताई, बोटानं बघा." शेंड्याशी कट्कन मोडली ती कोवळी. दुधीला नख लावायची माझी सवय मात्र त्यांनीच मोडली. ती खूण काळी पडते आणि दुधी तिथूनच सडायला लागतो. त्याच्या अंगावरची बारीक लव बघायची. लव आहे तोवर दुधी कोवळा.

मुळशीच्या अलीकडे आमची दीड एकर भाजी. पुण्यातली चाळीस घरं हंगामाच्या सुरुवातीलाच पैसे भरतात आणि दर शनिवारी शेतात जे निघेल त्याची पिशवी घेतात. ही कल्पना आमची नव्हे. जपानमध्ये १९७०च्या दशकात 'तेइकेई' नावानं ती रुजली, अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांनी अशी सुरुवात केली. पीक बुडालं तर शेतकऱ्यानं एकट्यानं बुडू नये, हे त्यातलं मुख्य कलम.

ते कलम आमच्या घरांनी पाळलं, अगदी मनापासून. जुलैत पावसानं पालेभाजीचे वाफे धुऊन नेले, दोन आठवडे पिशवीत अळू, अंबाडी आणि चार काकड्या. एकानंही कुरकुर केली नाही. उलट "तुम्ही काळजी घ्या" असे निरोप आले. मी भारावून गेले होते.

मग आला दोडका.

मांडवावर एकाच आठवड्यात लावलेले वेल एकाच आठवड्यात फळाला येतात, एवढं साधं गणित जूनमध्ये मला सुचलं नाही. पिशव्या रिकाम्या जातील या धास्तीनं मी हव्या त्याच्या दुप्पट आळी केली होती. पहिल्या शनिवारी कौतुक, दुसऱ्या शनिवारी शांतता. चौथ्या शनिवारी कोथरूडच्या एका काकूंनी पिशवीत डोकावून विचारलं, "अहो, परत दोडका?" टंचाई लोक वाटून घेतात. सुगी वाटून घेणं त्यांना जड जातं. त्यात त्यांची चूक नाही; चार माणसांच्या घरात दोडका किती शिजणार? मंडईत न्यावा तर तिथंही सगळ्यांचाच दोडका त्याच वेळी आलेला. उरलेला गावात वाटला, काही गाईंनी खाल्ला.

एका आठवड्यापुरती मात्र त्याची अब्रू वाचली, ऋषिपंचमीला. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून अळू, माठाचे देठ, तांबडा भोपळा, कणीस, दोडका सगळ्याला मान. आमच्याकडे बैल नाहीत, पॉवर टिलर आहे. तो चालतो का, असं त्याच काकूंनी फोनवर गंभीरपणे विचारलं. मांडवाखालची आळी कुदळीनं खणलेली होती, म्हणून सुटले!

पुढच्या वर्षी निम्मी आळी आणि तीही पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं, असं वहीत लिहून ठेवलंय. सध्या मांडव अजून लगडलेलाच आहे. तेव्हा या शनिवारीही पिशवीत दोडका आहे, एक किलो. शिरा फेकू नका. तेलावर कुरकुरीत परता; तीळ, सुकं खोबरं, लसूण आणि मिरची घालून चटणी वाटा. भाजी खाऊन कंटाळलात तरी चटणी संपते.