उदास मन आणि कोळशाची चित्रे

"डॉक्टर, दुखत काहीच नाही, पण बरं वाटत नाही." असे सांगणारे रुग्ण नेहमी येतात. रिपोर्ट नॉर्मल असतात. आत काय चालले आहे, ते शब्दांत सांगता येत नाही. ओदिलों रेदों या फ्रेंच चित्रकाराने ते कोळशाने कागदावर उतरवले.

रेदोंचा जन्म १८४० चा, बोर्दो शहरातला. लहानपणी तब्येत नाजूक. बराच काळ आईवडिलांपासून दूर, मामा-काकांसारख्या नातलगाकडे खेड्यात गेला. पन्नाशीपर्यंत त्याने मुख्यतः काळ्या रंगातच काम केले. प्रतीकवादी चित्रकार बाहेरच्या दृश्यापेक्षा मनातले स्वप्न, भीती, एकटेपण रंगवत. १८८१ च्या एका चित्रात त्याने जाळे विणणाऱ्या कोळ्याला माणसाचा चेहरा दिला आणि गालावर अश्रू. त्याच वर्षी त्याने हसणारा कोळीही काढला.

कोळशाची भुकटी कागदावर सैल बसते. बोटाने पसरते, पुसली की खालचा उजेड वर येतो. म्हणजे काळोखातूनच प्रकाश काढायचा असतो.

१८८६ मध्ये त्याचे पहिले मूल तान्हेपणीच गेले. १८८९ मध्ये दुसरा मुलगा झाला. पुढच्या दशकात त्याच्या चित्रांत फुले आणि रंग आले. पण "दुःख संपले, रंग आले" इतके हे सोपे नाही. काळी चित्रे तो मूल जाण्याच्या कितीतरी आधीपासून काढत होता. तेवढ्यावरून त्याला डिप्रेशन होते असेही म्हणता येत नाही. तो वर्षानुवर्षे नेमाने काम करत होता.

हाच फरक लक्षात ठेवा. उदासी हा आजार नाही. ती सोबत घेऊन माणूस जगतो, काम करतो. डिप्रेशन मात्र काम करण्याची ताकदच काढून घेते. दोन आठवडे जवळजवळ रोज मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना भेटा. यावर समुपदेशन आणि औषधे, दोन्ही उपयोगी पडतात. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगा, दवाखान्यात या किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा.

शब्द सापडत नसतील तर "छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं" एवढेच सांगा. कागदावर काही रेघोट्या काढून आणल्यात तरी चालेल. तिथून पुढे आपण बोलू.