पाण्याला घड्याळ नव्हतं तेव्हा

सोडणासकट दोन सुके नारळ घ्यायचे, सुंबाने एकमेकांना बांधायचे, पोराच्या पाठीवर आवळायचे आणि पोराला बावीत, म्हणजे विहिरीत, सोडायचं. माझ्या पिढीची मालवणातली बरीच पोरं पोहायला शिकली ती अशी. आजोबा काठावर बसून असत. चार-पाच दिवसांनी ते एक नारळ सोडवत, आठवड्याने दुसरा. नारळ सुटला की पाठ एकदम उघडी वाटायची आणि छातीत धस्स व्हायचं. आजोबा वरून म्हणायचे, “पाण्याक भियाव नको, पण पाण्याचो मान राख.”

बाव जमली की समुद्र. बंदरात नांगरलेल्या होडीला हात लावून परत यायचं, ही आमची शर्यत. शिट्टी नाही, पंच नाही. समोर सिंधुदुर्गाचा तट आणि तोंडात खारट पाणी. होडीच्या फळीला शेवाळ असायचं, त्यावरून बोटं निसटायची. पण हात लागल्याचा आवाज झाल्याशिवाय फेरी धरत नसत. पोहून झालं की रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढायला जायचं. हात लावला की वाटा मिळे. मूठभर पेडवे घेऊन घरी गेलं की आई उशीर झाल्याचं विसरून जायची.

आमच्यातला एक गडी सगळ्यांच्या पुढे असे. आम्ही होडीशी पोहोचेपर्यंत तो परत फिरलेला असायचा. पुढे तो मच्छीमारी होडीवर गेला आणि आयुष्यभर समुद्रावरच राहिला. आपला वेग किती सेकंदांचा होता, हे त्याला कधीच कळलं नाही. कोणी मोजलाच नव्हता.

त्याच मालवणात पुढे एक जलतरणपटू तहसीलदार म्हणून आले: कोल्हापूरचे वीरधवल खाडे. २००८ साली, वयाची सतरा वर्षंही पूर्ण झालेली नसताना, ते बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहले. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं. १९८६ साली सोलमध्ये खजानसिंग यांनी रौप्यपदक जिंकलं होतं. त्यानंतर आशियाई स्पर्धांच्या जलतरणात भारताच्या हाती काही लागायला चोवीस वर्षं जावी लागली. असा माणूस आमच्या तहसील कचेरीत सात-बारा आणि वाळूच्या तक्रारी बघत बसलेला असायचा, याचा मला आजही अभिमान वाटतो.

नोकरी सांभाळून ते पुन्हा तलावाकडे वळले. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत त्यांची वेळ होती २२.४७ सेकंद. कांस्यपदक गेलं २२.४६ ला. एक शतांश सेकंद! त्या वेगाने एका शतांशात माणूस जेमतेम दोन सेंटीमीटर पुढे जातो, म्हणजे बोटाचं एक पेर. ही बातमी वाचली तेव्हा मला होडीच्या फळीवरून निसटणारी आमची बोटं आठवली.

याच शतांशाने बर्फावरच्या शर्यतीही ठरतात. २०१४ साली सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये डाउनहिल स्कीइंगला टीना माझे आणि डॉमिनिक गिसिन यांची वेळ शतांशापर्यंत सारखी निघाली आणि दोघींनाही सुवर्णपदक दिलं गेलं. आपल्याकडे काश्मीरच्या आरिफ खानची गोष्ट मला मालवणच्या पोरांची वाटते. वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान; पोरगा चार वर्षांचा असल्यापासून बर्फावर. आम्हाला जसा समुद्र, तसा त्याला तो उतार. पैशांअभावी २०१८ चं ऑलिंपिक हुकलं. २०२२ साली बीजिंगला भारताकडून तो एकटाच गेला आणि धो-धो बर्फ पडत असताना जायंट स्लालममध्ये पंचेचाळिसावा आला. ती शर्यत मी मालवणात घामाघूम होऊन मोबाइलवर पाहिली. त्याने शेवटची रेघ ओलांडली तेव्हा डोळे भरून आले. घरासमोरच्या उतारावर शिकलेलं पोर घड्याळापर्यंत पोहोचलं होतं.

आता आमच्या चिवला किनाऱ्यावरही घड्याळ आलंय. डिसेंबरात तिथे शर्यतीसाठी राज्यभरातून पोहणारे येतात. दंडावर नंबर, डोळ्यांवर गॉगल, पाण्यात रंगीत बोये, बाजूने सुरक्षेच्या होड्या. दिव्यांग मुलं कुबड्या वाळूत ठेवून लाटेत उतरतात, तेव्हा सगळा किनारा टाळ्या वाजवतो. हे आमच्या वेळी असतं तर त्या गड्याचं काय झालं असतं, असं दर वर्षी मनात येतं.

पण बाकीचे अकरा महिने किनाऱ्यावर पोरं कमी दिसतात. बावींवर लोखंडी जाळ्या आल्या, पंप आले. रापणी कमी झाल्या, त्यांच्याबरोबर दोर ओढायला धावणंही गेलं. पर्यटकांना पाण्याखालचे मासे दाखवणारी तरुण मुलं आहेत आणि ती पाण्यात तरबेज आहेत. पण शाळेतल्या पोरांच्या संध्याकाळी क्लासमध्ये जातात.

२०२३ साली गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत खाडे यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन निरोप घेतला. त्यांच्या पत्नी ऋजुता यांनीही तिथेच महिलांच्या ५० मीटरमध्ये सुवर्ण जिंकलं. ती बातमी मी नातवाला मोठ्याने वाचून दाखवली. त्याने विचारलं, “आजोबा, तुमका किती सेकंद लागायचे?”

मला उत्तर देता आलं नाही.

या मे महिन्यात मी बावीवरची जाळी काढून घेतलीय. नारळही निवडून ठेवलेत, सोडणासकट. सुंब मात्र नवीन आणावं लागलं. नातू पहिल्यांदा नारळांशिवाय या काठावरून त्या काठावर गेला की मोबाइलवर वेळ लावायची, असं आमचं ठरलंय. आकडा मी बावीच्या कठड्यावर कोळशाने लिहिणार आहे.