हाताला येतं, ते तोंडाला येईना

प्रिसेप्टर म्हणजे स्वतःचे पेशंट सांभाळून नर्सिंगच्या विद्यार्थिनींना वॉर्डात शिकवणारी स्टाफ नर्स. काम येतं म्हणजे शिकवताही येईल, अशा समजुतीने मी प्रिसेप्टरच्या प्रशिक्षणाला गेले आणि पहिल्याच सत्रात माझा पुरता गोंधळ उडाला.

रॉडनी पेटन या सर्जनांनी १९९८ मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत शिकवली जात होती. आधी काही न बोलता प्रोसिजर करून दाखवायची. मग तीच सावकाश, प्रत्येक कृती बोलत. तिसऱ्यांदा विद्यार्थिनी सांगेल तसं आपण करायचं. चौथ्यांदा तिनेच सांगत सांगत करायचं. रबरी हातावर कॅन्युला लावताना मी दुसऱ्या पायरीवरच अडकले. चांगली शीर बोटाला कशी लागते? सुई कधी आडवी करायची? हात चालत होते, शब्द सापडत नव्हते.

प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमनी पॅट्रिशिया बेनर यांच्या १९८४ च्या पुस्तकाचा दाखला दिला. नवशिकी नर्स नियम धरून चालते. निष्णात नर्सला पेशंटकडे पाहताच कळतं. म्हणजे जी कामात जितकी मुरलेली, तितकं तिला ते उलगडून सांगणं जड जातं. शिकवणं वेगळं शिकावं लागतं ते यासाठी.

वॉर्डात तर वेळही अपुरा. तिथे कामी आली १९९२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सुचवलेली पाच सूत्रं: विद्यार्थिनीचं मत विचारा, कशावरून ते विचारा, एकच नियम शिकवा, बरोबर केलेलं नेमकं सांगा, चुकलेलं सुधारा. ऑपरेशन होऊन आलेल्या एका बाईंची नाडी वाढू लागली, बीपी उतरू लागलं. डॉक्टरांना कळवलं, मग माझ्यासोबतच्या विद्यार्थिनीला विचारलं, ‘‘तुला काय वाटतं?’’ ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘सिस्टर, ड्रेसिंग बघू? रक्त जात असेल.’’ हे तिचं तिने शोधलं होतं.

किती थांबायचं आणि कधी स्वतः पुढे व्हायचं, याचा अंदाज मला अजून येत नाही. पण एक नक्की कळलं: शिकवायला वेळ लागतो. म्हणून ड्युटी लावतानाच प्रिसेप्टरकडे पेशंट थोडे कमी द्यावेत. नाहीतर प्रशिक्षण घेतलेली सिस्टरही घाईत सगळं स्वतःच उरकेल आणि मुली नुसत्या बघत उभ्या राहतील.